बाहेर पडायचं बटण

३ मार्च

आज बाईंकडे जाऊन आलो. बाई म्हणजे माझी कॉलेजातली सहाध्यायी. संस्कृतच्या वर्गात शेवटी आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीचे शहाणे निघाले. गेली अठरा वर्षं ती घरातून मार खाऊन पळालेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवते. आज तिच्याच कपाळावर सात टाके होते, आणि पुढच्या दाराला काचेऐवजी फळी ठोकलेली.

झालं ते असं. आश्रयगृहाचं एक पत्रक होतं, त्यावर पत्ता आणि नकाशा. एका बाईनं घरातून निघताना ते चपलेच्या तळव्याखाली दडवलं आणि ऐन वेळी दुसरीच चप्पल घालून आली. पहिली नवऱ्याला सापडली. गेल्या सोमवारी भर दुपारी तो हातोडा घेऊन आला. चार घाव दाराला, एक बाईंच्या कपाळाला, आणि बायको सापडल्यावर किती, ते मोजायला कुणी धड उभं नव्हतं. तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या गेल्या.

"पंडिता, पत्रक बंद," बाई म्हणाली. "आता वेबसाइट करायची. पत्ता कुठंही नाही, तरी बाई आमच्यापर्यंत पोचली पाहिजे. मजकूर तू लिही."

"मी? मी गुन्हेवार्ता लिहिणारा माणूस."

"म्हणूनच. तीस वर्षं मारामाऱ्या झाल्यावर लिहिल्यास. एकदा तरी आधी लिही."

आमचं वर्तमानपत्र बंद पडून तीन महिने झाले. मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

७ मार्च

बाईंकडे बसलो होतो, तिथं वेबसाइट बांधणारी आली. पस्तिशीची, कानावर पेन्सिल, पिशवीत पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मी तिला वेबवाली म्हणतो, ती मला सर म्हणते. दोघांचाही हेतू शुद्ध नाही.

मी ऐटीत विचारलं, "रंग कुठला ठेवायचा?"

"रंग नंतर, सर. येणार कोण? कशासाठी? आणि तिच्याकडे वेळ किती?"

म्हटलं, बाई गं, हे तर आमचं अनुबंधचतुष्टय. जुने शास्त्रकार पहिली ओळ लिहिण्याआधी चार गोष्टी ठरवत: विषय काय, प्रयोजन काय, दोन्हींचा ग्रंथाशी संबंध काय, आणि अधिकारी कोण, म्हणजे हे वाचायला योग्य माणूस कोणता.

"म्हणजे वेबसाइट तुमच्या लोकांनी आधीच शोधून ठेवली होती. फक्त चालू करायची राहिली."

वेळेचं उत्तर आश्रयगृहाच्या बाईनं दिलं. "नवरा आंघोळीला जातो तेवढा."

"चार मिनिटं धरू?"

"दोन धर. दार उघडं टाकून जातात."

मग वेबवालीनं भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. एक चिठ्ठी म्हणजे एक पान. माझी तेवीस पानं होती, संस्थेच्या इतिहासापासून. तिनं एकेक उतरवून माझ्या मांडीवर ठेवली. भिंतीवर पाच राहिली: पहिलं पान, 'हे मारणंच आहे का', 'निघताना काय घ्यायचं', 'इथं आल्यावर काय होतं', 'आम्हाला लिहा'. पाचही पानांवरून फोन नंबर एका बोटाच्या अंतरावर. नियम एकच: दोन मिनिटांत जे वाचून होत नाही, ते नाही.

आणि प्रत्येक पानावर वर उजव्या कोपऱ्यात लाल बटण, 'बाहेर पडा'. दाबलं की पान नाहीसं होऊन हवामानाचा अंदाज उघडेल. मागे यायची खूण दाबली तरी आमचं पान परत यायचं नाही.

१२ मार्च

दोन दिवस बाईंच्या नोंदवहीत काढले. वेबवाली म्हणते, शब्द आपले नकोत, तिचे हवेत. वहीतले शब्द असे: "दाराच्या फटीत बोटं धरून दार लोटलं." "इस्त्री पाठीवर ठेवली, गरम नव्हती म्हणून सांगतो." "मुलाला मांडीवर घेऊन मला लाथा मारल्या, त्याला हसायला लावलं." तीस वर्षांत मी यातली बरीच वाक्यं छापली असतील, पण 'आरोपीने क्षुल्लक कारणावरून' असं सोवळं नेसवून.

तरी पहिलं पान लिहायला बसलो तेव्हा लेखणीनं आपला बाणा सोडला नाही. 'कौटुंबिक हिंसाचाराने पीडित भगिनींसाठी सुरक्षित आश्रयस्थान.' ते घेऊन दुपारी धाकटीकडे गेलो.

धाकटी माझी बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच तिची वेणी घालायला शिकलो, वाईट शिकलो. मेहुण्यांचं औषधांचं दुकान आहे. सज्जन माणूस, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांच्या घरात मलम, पट्ट्या, वेदनाशामक गोळ्या कधी संपत नाहीत. एवढी निगा माझी कुणी घेतली असती तर मीही लग्न केलं असतं.

धाकटीनं कागद वाचला. ती नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसते. लहानपणी अशी नव्हती.

"दादा, हे कोण शोधणार?"

"पीडिता."

"ती स्वतःला पीडिता म्हणत नाही. ती लिहिणार 'नवरा गळा दाबतो मग सॉरी म्हणतो'. नाहीतर 'गळ्यावरचे वळ किती दिवसात जातात'."

लोक कशासाठी कुठले शब्द शोधतात याची हिला उपजत समज आहे. बुद्धी वाया गेली पोरीची. मी तिला तिथल्या तिथं संपादक नेमलं. ती हसली नाही; घड्याळ बघून म्हणाली, "एक सत्तावीस झाले. ते दीडला जेवायला येतात. तू निघ." नवऱ्याच्या जेवणाच्या वेळा इतक्या काटेकोर पाळणारी बायको या काळात दुर्मीळ.

२८ मार्च

'निघताना काय घ्यायचं' हे पान धाकटीनं जवळजवळ एकटीनं केलं. मी लिहिलं होतं: ओळखपत्र, बँकेची कागदपत्रं, औषधं. तिनं भर घातली: 'एकाच दिवशी सगळं गोळा करू नका. रोज एक वस्तू हलवा. पिशवी भरलेली दिसू देऊ नका, जुन्या कपड्यांच्या तळाशी ठेवा. चपला पायात घालू नका, जिन्यावर वाजतात, हातात घ्या.'

मी म्हटलं, "चपला हातात? कादंबरी लिहितेयस?"

"तू लिही म्हणालास. मी लिहिलं."

मग 'इथं आल्यावर' या पानावर आमचं भांडण झालं. माझं वाक्य होतं: 'तुम्ही इथं आहात हे तुमच्या नवऱ्याला सांगितलं जाणार नाही.' तिनं पेन घेऊन नवऱ्यापुढे लिहिलं: सासूला, बापाला, भावाला.

"भावानं काय घोडं मारलंय?"

"काही नाही. भाऊ चांगला असतो."

"मग?"

"पत्ता चांगल्या माणसाकडूनच काढतात, दादा. वाईट माणसाला कुणी सांगितलेलाच नसतो."

वाक्य तिच्या मनासारखं ठेवलं. संपादकापुढे कोणाचं चाललंय? जाताना म्हणाली, "आणि ते लाल बटण डावीकडे घ्या." म्हटलं, वेबवालीचा दंडक आहे, बंद करायच्या खुणा उजवीकडे शोधायची लोकांना सवय असते.

१२ एप्रिल

आज चाचणी. चाचणीची रीत मोठी कठोर आहे: वापरणाऱ्याच्या हातात फोन द्यायचा, काम सांगायचं आणि आपण तोंड शिवून बसायचं. मदत नाही, हूं नाही, भुवई नाही. ती जिथं अडेल तिथं चूक आपली, तिची नाही. वेबवाली म्हणाली, "सर, तुम्हाला जड जाईल." गेलं.

पहिला मीच होतो. फोन नंबर सापडायला मला एक मिनिट दहा सेकंद लागले, आणि तो मजकूर मी लिहिलेला आहे.

मग धाकटीकडे गेलो. तिच्या उजव्या मनगटाला फळी बांधलेली. "कपाटाचं दार लागलं," म्हणाली. पट्टी सुरेख बांधली होती, मेहुण्यांचा हात. फोन तिनं डाव्या हातात घेतला. नंबर अकरा सेकंदांत काढला. बहुतेक बघितलंसुद्धा नाही. जणू रोजचा रस्ता. आम्ही मार्चमध्ये कच्च्या पानांची लिंक दिली होती तिला, तेव्हापासून अभ्यास केलेला दिसतो.

एवढ्यात खाली फाटक वाजलं. धाकटीचा अंगठा लाल बटणाकडे गेला आणि पोचेना. डाव्या हातात धरलेल्या फोनचा उजवा कोपरा अंगठ्याला लांब पडतो. फोन तिच्या हातातून सुटून जमिनीवर पालथा पडला. तोंड पांढरं झालं होतं. वर आला तो नुसता पोस्टमन.

"बटण डावीकडे घ्या," ती म्हणाली. "मागेही सांगितलं होतं."

मी नियमाप्रमाणे तोंड शिवून बसलो होतो. वहीत लिहिलं: 'वापरणारी आवाजाने दचकते. फोन पडला. चूक वापरणारीची.' हात बरा झाला की तक्रार उरणार नाही.

१९ एप्रिल

वार्ताहराच्या धर्मात एक विधी चुकवता येत नाही: दुसरी बाजू. ज्याच्यावर बातमी आहे त्याला विचारल्याशिवाय ती छापायची नाही. तीस वर्षांत मी खुन्यांनाही त्यांचं म्हणणं विचारलं आहे. एकानं चहा पाजला. आमची वेबसाइट नवऱ्यांविषयी आहे आणि एकाही नवऱ्यानं ती पाहिलेली नाही, हे माझ्या मनाला लागून राहिलं होतं. बाईला विचारलं असतं तर तिनं मला फळीच्या दाराबाहेर काढलं असतं, म्हणून विचारलं नाही. ओळखीतला सर्वांत सभ्य नवरा निवडला आणि मेहुण्यांच्या दुकानात गेलो.

त्यांनी गिऱ्हाईक थांबवून सगळी पानं वाचली. सावकाश. 'निघताना काय घ्यायचं' दोनदा.

"चपला हातात," ते म्हणाले. "बारीक विचार केलाय."

"तुमच्याच घरातला आहे," मी अभिमानानं सांगितलं. "आमची संपादक कोण, ओळखा."

"हो?" मग लाल बटणावर बोट ठेवलं. "हे दाबलं की?"

"थेट हवामान. कुणी डोकावलं तर वाटावं, बाई पाऊस बघतेय."

मेहुणे हसले. "आमच्या घरी हल्ली हवामान फार बघितलं जातं."

म्हटलं, धाकटीला वाळत घातलेल्या कपड्यांची पहिल्यापासून काळजी. त्यांनी माझ्या पाठीसाठी मलमाची नळी दिली, पैसे घेतले नाहीत, आणि बारा वाजताच दुकानाचं दार ओढलं. म्हणाले, आज जरा लवकर जेवावं. दुसरी बाजू इतक्या सौजन्यानं मला क्वचितच मिळाली आहे.

२१ एप्रिल

धाकटी फोन उचलत नाही. दुकानात फोन केला. मेहुणे म्हणाले, घसा पार बसलाय तिचा, बोलू नकोस म्हणून मीच सांगितलंय. औषधवाला घरात असण्याचे फायदे.

२३ एप्रिल

सवयीप्रमाणे जे दिसलं ते लिहितो. दुसरं काही लिहिता येत नाही.

दुपारी सव्वादोनला धाकटीच्या घरी पोचलो. दार सताड उघडं. आत कोणी नाही. स्वयंपाकघराच्या मोरीत तिचा फोन, मधोमध मोडलेला, वरून पाणी सोडलेलं. टेबलाच्या कडेला केसांचा झुबका, मुळांसकट. टेबलाखाली दीड दात. भिंतीला पाठ लावलेली तिची खुर्ची आडवी, एक पाय तुटलेला, आणि तो पाय खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्यावर रक्त आहे आणि रक्ताला केस. मोरीशेजारी कापसाची घडी आणि मलम. मारून झाल्यावर पट्टी बांधायला बसला असणार. दोन-तीन दिवसांचं वाळलेलं रक्त वेगळं, आजचं वेगळं; एवढं मला कळतं. म्हणजे मी 'औषधवाला घरात असण्याचे फायदे' लिहीत होतो तेव्हा ती इथं या फरशीवर होती.

जिन्याचा कठडा उजवीकडे आहे. हाताचे ठसे डावीकडच्या भिंतीवर आहेत, खालपर्यंत.

तळमजल्यावरची शिवणकाम करणारी म्हणाली, "आज दाजी जेवून गेले आणि दहा मिनिटांत ताई उतरल्या. गेले चार दिवस जाताना बाहेरून कुलूप लावायचे, आज राहिलं वाटतं. चपला हातात. मी म्हटलं पाणी घ्या, तर विचारलं, किती वाजले. दोनला पाच कमी म्हटलं. 'पुरेत,' म्हणाल्या. तोंड बघवत नव्हतं हो, भाऊ."

"पिशवी होती?"

"होती. जुन्या कपड्यांची."

बाईला फोन केला. "धाकटी तुझ्याकडे आलीय का?"

ती अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "इथं कोण आहे, कोण नाही, हे आम्ही नवऱ्याला, सासूला, बापाला, भावाला सांगत नाही."

"अगं, मी आहे."

"वाक्य तुझंच आहे, पंडिता." आणि मग, "तू ही पानं कुणाला दाखवलीस?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "आज घरी जाऊ नकोस."

मी घरी आलोय. तो पत्ता शोधत कुठं तरी जाणारच. माझ्याकडेच आला तर निदान दार माझं असेल.

२ मे

डाव्या हातानं लिहितो आहे. अक्षर पहिलीतल्या मुलाचं.

तो त्याच दिवशी पाच वाजता आला. हातात दुकानातला लोखंडी बत्ता. शांत होता. माझ्या टेबलावर वेबवालीच्या पिवळ्या चिठ्ठ्या मांडलेल्या होत्या. त्यावरच त्यानं माझा उजवा हात पालथा दाबून धरला.

"पत्ता."

"बसा, मेहुणे."

करंगळी. आवाज सुक्या काटकीसारखा येतो; मी इतक्या वेळा छापलंय की खोटं असेल असं वाटायचं.

"दादा, तुम्ही सभ्य माणूस आहात. उगाच नको. पत्ता."

"ती तिथं आहे की नाही, मला सांगत नाहीत. भावालाही नाही. तुम्ही वाचलंय ते. दोनदा वाचलंत."

अनामिका. मग मधलं बोट. प्रत्येक वेळी तो थोडा थांबत होता, गोळ्यांच्या वेळा पाळाव्या तसा. म्हणाला, माझी बायको आहे. म्हणाला, तुम्हीच तिला शिकवलंत. म्हणाला, मी तिला औषध लावतो, तुमच्यातला कोण लावेल? मनगटावर दोन घाव. नंतर बरगड्या, तेव्हा मी खाली होतो. एका क्षणी पत्ता माझ्या जिभेवर आला. रस्त्याचं नाव, डावं वळण, फळी ठोकलेलं दार, सगळं. मी जीभ चावली. ती अजून सुजलेली आहे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर काठी घेऊन आले आणि त्यांच्यामागे अख्खा जिना आला, म्हणून मी लिहितो आहे.

तो कोठडीत आहे. बाईनं इस्पितळात येऊन एवढंच सांगितलं. दुसरं मी विचारलं नाही. विचारूनही ती सांगणार नव्हती.

९ मे

वेबसाइट सकाळी चालू झाली. माझ्या फोनवर उघडली. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, म्हणून फोन डाव्या हातात. पाचही पानं वाचली. दोन मिनिटांत झाली. मग लाल बटण दाबायला गेलो.

अंगठा पोचला नाही. ताणला, फोन निसटला, जमिनीवर पालथा पडला.

बराच वेळ मी तो उचलला नाही. चाचणीची वही काढली, 'चूक वापरणारीची' हे खोडलं आणि वेबवालीला फोन केला. म्हटलं, बटण डावीकडे घ्यायचं.

"मीही तेच सांगणार होते, सर. 'आम्हाला लिहा'वरून पहिला निरोप आलाय, आज सकाळीच. एकच आलाय."

"कोणाचा?"

"ते कसं कळणार? नाव-गाव काही साठवायचं नाही असं आपणच ठरवलं होतं. उत्तरही धाडता येत नाही." तिनं वाचून दाखवलं: "'बटण डावीकडे घ्या. तिसऱ्यांदा सांगतेय.'"

मी म्हटलं, पुन्हा वाचा. तिनं पुन्हा वाचलं. मग विचारलं, "सर, आधी दोनदा कोणी सांगितलं होतं? माझ्यापर्यंत तर आलं नाही."

"माझ्यापर्यंत आलं होतं," मी म्हटलं.

चार वाजता बटण डावीकडे गेलं. डाव्या अंगठ्यानं दाबून पाहिलं. लगेच पोचतो. उद्या आकाश निरभ्र आहे.